देशोदेशीची गावं : उपासमारीतून उभी राहिलेली जत्रा



जत्रा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आधी देव उभा राहतो. खंडोबा, भैरोबा, नाहीतर यमाई. पालखी, गुलाल, मग कडेला बैलबाजार, पाळणे, रेवड्या आणि फुटाणे. आज ज्या गावाची ओळख करून द्यायची आहे, तिथल्या सगळ्यांत मोठ्या जत्रेला देव नाही. मैदानाच्या मधोमध एक खांब उभा असतो, चांगला सव्वीस मीटर उंच. त्याला धान्याच्या ओंब्या, फळं आणि माळवं यांनी नखशिखान्त मढवलेलं असतं. लोक त्या खांबाखाली भेटायचं ठरवतात, चुकलेली पोरं तिथेच सापडतात. गावाचं नाव स्टुटगार्ट. जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातलं, सहा लाख वस्तीचं, डोंगरांच्या वाटीत बसलेलं शहर. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याची ही राजधानी.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या लांबच्या गावाशी आपलं काय नातं? नातं आहे, आणि ते तुमच्या विहिरीवर असेल. डिझेल इंजिनाचा पंप, नोझल बिघडला की आपण 'मायकोचाच आण' म्हणून पोराला तालुक्याला धाडत आलो. ही मायको म्हणजे बॉश कंपनीचं हिंदुस्थानातलं रोप. नाशिककरांना तर मायको ठाऊकच आहे. रॉबर्ट बॉश नावाच्या कारागिरानं १८८६ साली याच स्टुटगार्टमध्ये लहानसं वर्कशॉप थाटलं होतं. जुन्या मंडळींना टाटांचे ते ट्रकही आठवत असतील, ज्यांच्या नाकावर तीन पात्यांची चांदणी होती. १९५४ साली टाटांनी ज्या डेमलर-बेंझशी हात मिळवला, ती कंपनीही इथलीच. आणि १९६८ पासून आपली मुंबई आणि स्टुटगार्ट ही एकमेकांची जोडशहरं आहेत. २०१५ साली महाराष्ट्रानं या अख्ख्या राज्याशीच भागीदारी केली. मुंबईशी असलेल्या नात्यानं तिथे उन्हाळ्यात हिंदी, मराठी आणि इतर भाषांतल्या आपल्या सिनेमांचा महोत्सव भरत आला. २००४ साली तो सुरू झाला.

गावाचं नावही आपल्या कानाला गोड लागेल असंच आहे. स्टुटगार्ट म्हणजे घोड्यांचा मळा, खरं तर घोड्यांचा नव्हे, घोडींचा. हजारेक वर्षांपूर्वी इथल्या ओलसर खोऱ्यात घोडीपैदास चालायची, तिच्याभोवती वस्ती वाढली. आजही नगरपालिकेच्या शिक्क्यावर पिवळ्या रंगावर काळा घोडा उधळलेला आहे.

तर त्या खांबाची गोष्ट. ती जरा सविस्तर सांगतो, कारण शेतकऱ्याच्या घरात ती सांगण्यासारखी आहे.

१८१५ सालच्या एप्रिल महिन्यात, तिकडे इंडोनेशियात, सुम्बावा बेटावर तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याची बारीक राख आणि गंधकाचा धूर आभाळात इतका उंच गेला की जगभर त्याची झालर पसरली आणि ऊन मंदावलं. पुढचं वर्ष, १८१६, युरोपात 'उन्हाळा नसलेलं वर्ष' म्हणून ओळखलं जातं. वुर्टेम्बर्गच्या शेतकऱ्याला तांबोराचं नाव ऐकूनही ठाऊक नव्हतं. त्यानं पाहिलं ते एवढंच : पाऊस थांबत नाही, मध्येच गारा पडतात, गहू पिकण्याऐवजी सडतो, बटाटा मातीत कुजतो, द्राक्षं हिरवीच राहतात. आधीच पंचवीस वर्षांच्या लढायांनी कोठारं रिकामी झाली होती. धान्याचे भाव गरिबाच्या हाताबाहेर गेले. लोकांनी पिठात लाकडाचा भुसा आणि गवताचं चूर्ण मिसळून भाकऱ्या भाजल्या. जनावरं विकली, कापली. हजारो कुटुंबं घरदार सोडून कुणी रशियाच्या दिशेनं, कुणी अमेरिकेला निघाली. ज्यांनी आपल्याकडचा १९७२ चा दुष्काळ अंगावर काढला आहे, त्यांना बाकीचं सांगायला नको.

१८१७ सालच्या सुगीत पिकाची पहिली गाडी गावात आली, तेव्हा वुर्टेम्बर्गमधल्या गावोगावी लोकांनी ती फुलांनी सजवून, घंटा वाजवत मिरवत आणली. म्हातारी माणसं गाडीकडे बघून रडली, असं त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवलं आहे.

अशा वेळी वुर्टेम्बर्गच्या गादीवर पहिला विल्हेल्म हा नवा राजा आला होता. वय पस्तीस. राणी कातारिना, रशियाच्या झारची बहीण. या जोडप्यानं दोन वर्षांत जी कामं केली ती मोजताना मला तरी नवल वाटतं. राणीनं १८१७ साली राज्यभर मदतीच्या समित्या उभ्या केल्या. नुसता शिधा वाटून भागणार नाही, हाताला काम हवं, हे तिचं म्हणणं. १८१८ साली तिनं गोरगरिबांसाठी बचत बँक काढली, म्हणजे चार पैसे आले तर ते वाईट वर्षासाठी सुरक्षित राहावेत. मुलींची शाळा काढली. राजानं हुकूम काढून शेतकऱ्याचं भूदासपण संपवलं, जरी जमिनीवरची जुनी देणी पुढे बरीच वर्षं चालू राहिली. शहराजवळच्या होहेनहाइमच्या वाड्यात १८१८ च्या नोव्हेंबरात शेतीची शाळा सुरू झाली. आणि त्याच साली, २८ सप्टेंबरला, आपल्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, राजानं कानश्टाट गावच्या नदीकाठच्या माळावर शेतीचा मेळा भरवला. उत्तम जनावर आणणाऱ्याला बक्षीस, घोड्यांच्या शर्यती, आणि मधोमध तो फळाधान्यांचा खांब. भुकेतून उठलेल्या मुलखाला 'बघा, पुन्हा पिकलं' असं सांगणारा.

कानश्टाट आता स्टुटगार्टचाच भाग आहे आणि मेळा दोनशे वर्षांहून जुना झाला आहे. तो दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन सतरा दिवस चालतो. चाळीस लाखांच्या आसपास माणसं येतात म्हणतात. खरं सांगायचं तर आता तो मुख्यतः पाळण्यांचा, बँडचा आणि बिअरच्या मोठमोठ्या मांडवांचा उत्सव झाला आहे. लिटर लिटरचे काचेचे मग उचलणारी गर्दी बघून आपल्या माळकरी मंडळींना कानकोंडं व्हायला होईल. पण पहिल्या रविवारची मिरवणूक कुणीही चुकवू नये. पिंपांनी लादलेल्या गाड्या ओढणारे धिप्पाड घोडे, मेंढपाळ आणि त्यांचे कळप, गावोगावचे जुने पोशाख घातलेल्या बाया, ताशे आणि तुताऱ्यांसारखी वाद्यं. आपल्याकडचा बेंदूर आणि दसरा एकत्र करावा तसा थाट.

आणि दर चार वर्षांनी त्या मैदानाच्या कडेला मूळचा शेतीमेळा पुन्हा जागा होतो. त्याचं जर्मन नाव उच्चारताना जीभ वळत नाही, म्हणून आपण 'थोरला शेतीमेळा' म्हणू. २०१८ साली भरला, २०२२ साली भरला. दावणीला बांधलेली गुरं, डुकरं, मेंढ्या, नवी यंत्रं, जंगलकाम, सगळं असतं. शहरातली पोरं तिथे पहिल्यांदा गाईची धार बघतात. कुणाला जायचंच असेल आणि हात थोडा सैल असेल, तर या चौथ्या वर्षाचा हिशेब धरून जावं, असं माझं मत.

राणी कातारिनाचं पुढे काय झालं, हे विचाराल. पहिला मेळा भरल्यावर चारच महिने उलटायच्या आत, १८१९ च्या जानेवारीत ती वारली. अवघी तीस वर्षांची होती. राजानं आपल्या घराण्याचा मूळ किल्ला ज्या टेकडीवर होता, तो पडका किल्ला उतरवून तिथे तिची समाधी बांधली. पांढरी घुमटाची वास्तू, चहूबाजूंनी द्राक्षमळे, खाली नदी. राजाही १८६४ साली शेवटी तिच्याजवळच विसावला. शहरात बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण एकच जागा बघायची झाली तर मी ही टेकडी सांगेन. रोटेनबर्ग हे तिच्या पायथ्याचं गाव.

होहेनहाइमची शाळा आज विद्यापीठ आहे आणि शेतीशास्त्रासाठी जर्मनीत त्याचं मोठं नाव आहे. पहिले मुख्य होते श्वेर्त्स नावाचे गृहस्थ. त्यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांच्या चांगल्या पद्धती लिहून काढल्या होत्या. बेल्जियमकडचा हलका नांगर आणून त्यांनी त्यात सुधारणा केल्या, आणि शाळेच्याच कारखान्यात नांगर बनवून विकले. पुस्तकी ज्ञान आणि फाळ एकाच आवारात! तिथे शेतीचं संग्रहालयही आहे. जुने नांगर, मळणीयंत्रं, पहिले ट्रॅक्टर मांडले आहेत. वाड्याभोवतीच्या बागांत फिरायला पैसे पडत नाहीत.

आता द्राक्षवाल्यांनी कान इकडे करावेत. स्टुटगार्ट हे मोठं शहर खरं, पण त्याच्या हद्दीतच चारशे हेक्टरच्या वर द्राक्षमळे आहेत. रेल्वे स्टेशनच्या मागच्या उतारावरसुद्धा वेली दिसतात. आपल्यासारखे मांडव नव्हेत. उभ्या चढावर दगडी ताली रचून पायऱ्या केल्या आहेत. चुन्यावाचून रचलेल्या या ताली दिवसा ऊन पितात आणि रात्री वेलींना ऊब देतात. पण ताल ढासळली की ती पुन्हा रचायला जो खर्च येतो, तो त्या पायरीवरच्या पिकातून निघत नाही. यंत्र चढत नाही, सगळं हातानं. म्हणून चढावरच्या काही पायऱ्या आता पडीक पडू लागल्या आहेत. द्राक्षं खाण्याची नव्हेत, वाइनची. उंटरट्युर्कहाइम या उपनगरातली बागाईतदारांची सोसायटी १८८७ सालची आहे. त्याच उपनगरात मर्सिडीजचा मोठा कारखाना. वर वेली, खाली इंजिनं.

असं का झालं, याचं एक कारण ऐकण्यासारखं आहे. या मुलखात बापाची जमीन सगळ्या मुलामुलींत सारखी वाटायची रीत होती. पिढ्यान् पिढ्या वाटण्या होऊन शेतं पट्ट्यापट्ट्यांची झाली, एकट्या शेतीवर पोट भरेना. मग माणसं सुतारकी, घड्याळकाम, विणकाम असं काही हातात धरू लागली आणि पुढे कारखान्यांना कसबी हात आयते मिळाले. कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी वेलींची छाटणी, हे इथे अनेक घरांत चालत आलं. आपल्या सातबाऱ्यावरची नावं मोजणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

इथल्या बागाईतदाराची एक युक्ती मला फार आवडली. वर्षातले काही आठवडे तो आपल्या घराच्या दारावर खराटा टांगतो. खराटा दिसला की समजायचं, घर उघडं आहे, आत या, बसा. स्वतःच्या मळ्याची वाइन आणि घरचं साधं खाणं तो आलेल्यांना देतो. बसायची जागा कधी खळ्याच्या खोलीत, कधी चक्क दिवाणखान्यात. सरकारचा नियम असा की वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त उघडं ठेवायचं नाही आणि चाळीसच्या वर माणसं बसवायची नाहीत. तेवढं पाळलं तर हॉटेलाचा परवाना लागत नाही. मध्ये दलाल नाही, अडत नाही, मापात पाप नाही. न पिणाऱ्यांना द्राक्षाचा रस मिळतो, तेव्हा घरच्या बाईमाणसांनीही बिनघोर जावं. अनोळखी माणसंही एकाच बाकड्यावर खेटून बसतात, बोलतात. एरवी हे लोक तसे अबोल. ऑगस्टच्या शेवटी भर शहरात 'वाइनचं खेडं' म्हणून उत्सव होतो. १९७६ पासूनचा आहे, सजावट छान असते. पण तो शहरी थाट. खराट्याची सर त्याला नाही.

शहराच्या दक्षिणेला फिल्डर नावाचं पठार आहे. काळी नव्हे, पिवळसर, वाऱ्यानं आणलेली भुसभुशीत कसदार माती. तिथली कोबी गोल नसते, गड्डा वर निमुळता होत जातो, जणू देवळाचा कळस. एकेक गड्डा कित्येक किलोंचा. पान पातळ आणि गोडसर. बारीक चिरून, मीठ लावून, दडपून ती आंबवतात आणि हिवाळाभर खातात. ऑक्टोबरात तिथल्या गावांत कोबीचाच उत्सव भरतो. कोबी चिरण्याच्या पैजा लागतात. पण या कोबीचंही दुखणं आहे. निमुळता गड्डा कारखान्यातल्या यंत्रात नीट बसत नाही, म्हणून कारखान्यांना गोल कोबी सोयीची. दुसरं दुखणं मोठं. विमानतळ याच पठारावर, मोठा रस्ताही इथूनच. आणि प्रदर्शनाचं भव्य केंद्रही इथेच झालं, ते २००७ साली उघडलं. त्या केंद्राच्या जमिनीसाठी राज्यानं खास कायदा केला होता, आणि शेतकरी वर्षानुवर्षं ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आणि कागद घेऊन कोर्टात लढले. जमीन गेलीच. कसदार माती सपाट असते, आणि सपाट जमिनीवर सगळ्यांचाच डोळा असतो.

खाण्याचं निघालंच आहे तर मसुराची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 'मसूर आणि श्पेट्झले' हे इथलं घरगुती जेवण. घट्ट शिजवलेला मसूर आणि अंडी घातलेल्या कणकेच्या मऊ शेवया. वर सॉसेज ठेवतात. ते नको म्हणून सांगितलं तरी चालतं. जवळच्या श्वाबियाच्या डोंगरपठारावर, खडकाळ हलक्या जमिनीत, पूर्वी मसूर पिकायचा. १९५० च्या पुढे बाहेरचा स्वस्त मसूर आला आणि पेरा थांबला. इतका थांबला की बियाणंही नाहीसं झालं. पुढे १९८५ च्या सुमारास एका शेतकऱ्यानं फ्रान्सकडचं बियाणं आणून पुन्हा पेरा सुरू केला, पण मूळच्या जातीचा शोध सोडला नाही. ती सापडली २००६ साली, कुठे, तर रशियात सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव बियाणे संस्थेत. महायुद्धात या शहराला वेढा पडला असताना तिथल्या काही शास्त्रज्ञांनी उपासमारीनं प्राण सोडले, पण कोठीतल्या बियाण्याला हात लावला नाही, अशी ही संस्था. तिथून आलेल्या चिमूटभर दाण्यांपासून वर्षानुवर्षं बी वाढवत नेलं. आता शंभराच्या वर शेतकरी हा मसूर पिकवतात. मसूर लोळतो म्हणून त्याला आधाराला सातू पेरतात आणि मळणीनंतर चाळून वेगळं करतात. आपल्या आज्यांना मिश्र पीक शिकवायला कुणी जर्मनीहून यावं लागलं नव्हतं, हे खरं, पण त्यांची चिकाटी मानायला हवी.

बाकीचं चटचट सांगतो. मार्च-एप्रिलात विल्हेल्मा या बागेत मॅग्नोलियाची झाडं पानांआधी फुलांनी भरतात. अरबी धाटणीचा हा जुना राजवाडा, आता प्राणी आणि वनस्पतींचं संग्रहालय आहे. पोरं असतील तर अख्खा दिवस जातो. एप्रिल-मेमध्ये कानश्टाटच्याच मैदानावर वसंतातली धाकटी जत्रा असते. कानश्टाटला खनिज पाण्याचे झरे आहेत, दिवसाला चार कोटी लिटरच्या वर पाणी देणारे. युरोपात बुडापेस्टच्या खालोखाल यांचा नंबर. पाणी चवीला लोखंडी, खारट. अंघोळीला उत्तम, पिण्याला सवय हवी. तिथल्या बागेत गॉटलीब डेमलरचं छोटं घर जपलं आहे. याच काचघरात १८८० नंतरच्या वर्षांत त्यानं आणि मायबाखनं पेट्रोलचं हलकं इंजिन घडवलं. रात्रंदिवस ठोकाठोक ऐकून माळ्याला वाटलं, खोटी नाणी पाडताहेत, आणि त्यानं पोलीस आणले, असं सांगतात. मर्सिडीजचं मोठं संग्रहालय २००६ साली बांधलं. मोटारींसोबत जुने ट्रकही आहेत. १९५६ सालचा टेलिव्हिजनचा सिमेंटी मनोरा बघावा. जगभरच्या अशा मनोऱ्यांचा तो थोरला भाऊ.

एक टेकडी मात्र थांबून बघावी. बिरकेनकोफ तिचं नाव. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनी पडलेल्या घरांचा राडारोडा लोकांनी या टेकडीवर नेऊन टाकला आणि ती चाळीस मीटरनं उंच झाली. माथ्यावर अजून कोरीव दगड, खांबांचे तुकडे, कमानी तशाच पडलेल्या आहेत. मध्ये उभं राहिलं की पायाखाली जुनं शहर असतं आणि समोर नवं. आणि किलेसबर्गच्या सुंदर फुलबागेत, डेलियाचे ताटवे बघून झाल्यावर, एक स्मारकशिळाही शोधावी. १९४१ च्या डिसेंबरात हजाराच्या आसपास ज्यू माणसं, पोराबाळांसकट, इथे गोळा करून रीगाला धाडली गेली. बहुतेक परत आली नाहीत. शहर हे लपवत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटापासून नाताळचा बाजार भरतो. १६९२ च्या कागदांत त्याचा उल्लेख सापडतो. जुन्या राजवाड्यापासून चौकापर्यंत लाकडी दुकानं असतात. खरी गंमत मालात नाही, छपरात आहे. प्रत्येक दुकानदार आपलं छप्पर देवदाराच्या फांद्या, बाहुल्या, चांदण्या यांनी असं सजवतो की गिऱ्हाईक वर बघत चालतं आणि पुढच्याच्या पायावर पाय देतं. भाजलेले बदाम आणि चेस्टनट यांचा वास सुटलेला असतो. थंडी मात्र हाडात शिरणारी, तेव्हा स्वेटरवर भागणार नाही.

ज्यांची मुलं तिकडे शिकायला किंवा नोकरीला आहेत आणि जे आईवडील त्यांच्याकडे जाणार आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी शहराच्या मधल्या चौकात शेतकऱ्यांचा भाजीबाजार भरतो. भाषा आली नाही तरी भाजीपुढे आपण कुठेच परके नसतो. आणि मुलाच्या इमारतीत दाराच्या कडीला एक पाटी लटकलेली दिसली तर बावरू नका. त्या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी त्या घराची, एवढाच तिचा अर्थ. झाडून झालं की पाटी शेजारच्या दारावर अडकवायची. सूनबाईंची पाळी असेल तर तुम्ही खुशाल झाडू घ्या. शेजारीण दोन्ही डोळ्यांनी कोपरे बघत असते.